बिघाड कोणी काढायचा? : सैन्यातील दुरुस्तीच्या पायऱ्या

बेळगावच्या कॅम्प भागातून सकाळी कॉलेजला येणाऱ्या विद्यार्थ्यांना लष्करी गाड्यांचा ताफा काही नवा नाही. मराठा लाइट इन्फन्ट्रीचे केंद्र १९२२ पासून या गावात आहे; सांबऱ्याला वायुदलाचे प्रशिक्षण केंद्र आहे. त्यामुळे हिरव्या गाड्यांची ये-जा आपल्या रोजच्या पाहण्यातली. ताफा वाटेत थांबला की एक दृश्य हमखास दिसते. चालक खाली उतरतो, गाडीभोवती एक फेरी मारतो, चाकाच्या तुंब्याला हात लावून तो फार तापला आहे काय ते पाहतो, वाकून गाडीखाली तेलाचे ठिबके पडले आहेत का हे न्याहाळतो आणि मगच पाण्याची बाटली तोंडाला लावतो. पाहणाऱ्याला वाटते, माणूस मोठा हौशी दिसतो! परंतु यात हौसेचा भाग नाही. सैन्यात याला ‘हॉल्ट परेड’ म्हणतात. निघण्यापूर्वी ‘फर्स्ट परेड’, वाटेत ‘हॉल्ट परेड’ आणि मुक्कामाला पोहोचल्यावर ‘लास्ट परेड’ हा चालकाचा नित्यनेम आहे. एका फार मोठ्या शिडीची ही पहिली पायरी होय. त्या शिडीची ओळख करून देणे, हा या लेखाचा हेतू आहे.

मात्र या विषयाकडे माझे लक्ष गेले ते सैन्यामुळे नव्हे, तर माझ्या हातून झालेल्या एका चुकीमुळे. ती आधी सांगितली पाहिजे.

विहिरीवरचे इंजिन

निपाणीजवळच्या आमच्या गावी विहिरीवर जुने डिझेल इंजिन होते. एका उन्हाळ्यात ते सुरू होईना. उसाला पाण्याची पाळी द्यायची होती. वडील परगावी गेलेले. मी नुकताच बारावी सायन्स उत्तीर्ण झालेलो, त्यामुळे आत्मविश्वास भरपूर! पाना घेतला आणि थेट नोझल उघडले. बांधावर फडके अंथरून सुटे भाग मांडले, वारा सुटला होता, फुफाटा उडत होता. पुन्हा जोडले तेव्हा इंजिन मघापेक्षाही वाईट अवस्थेत गेले.

शेजारच्या मळ्यात एक निवृत्त सुभेदार राहत. त्यांची सारी नोकरी सैन्याच्या वर्कशॉपमध्ये गेलेली. सगळे गाव त्यांना सुभेदार आबा म्हणे. ते आले, फडक्यावरची धूळ बोटाने पुसून पाहिली आणि म्हणाले, “टाकीतलं डिझेल बगितलंस?” मी म्हणालो, नाही. “फिल्टर?” नाही. “हवा काढलीस?” तेही नाही. आबांनी फिल्टरची वाटी सोडली. तळाशी पाणी आणि गाळ साचलेला होता. मूळ बिघाड तेवढाच होता. पंधरा मिनिटांचे काम. नोझलमध्ये मात्र मी स्वतःच्या हाताने धूळ भरली होती. ते आता कोल्हापूरला पाठवून यंत्रावर तपासून घेणे भाग होते. आठ दिवस गेले. एक पाळी चुकली आणि उसाचा वरचा तुकडा होरपळला.

आबा रागावले नाहीत. एवढेच म्हणाले, “लेका, फिल्टर तुझं काम हुतं, ते तू केलं न्हाईस. नोझल तुझं काम न्हवतं, ते मातर केलंस. आमच्या वर्कशापात अशा मानसाला दोन शिक्षा मिळाल्या असत्या.”

या दोन शिक्षांचा अर्थ पुढे पुष्कळ वाचनानंतर माझ्या ध्यानात आला. सैन्यातील दुरुस्तीचे सारे शास्त्र त्या एका बोलण्यात होते.

पायऱ्या कोणत्या?

आधुनिक सैन्यापाशी लाखो वस्तू असतात. रायफल, दुर्बीण, वायरलेस संच, ट्रक, तोफ, रणगाडा, रडार. यांपैकी प्रत्येक वस्तू केव्हा ना केव्हा बिघडणार. तेव्हा प्रश्न असा की, कोणता बिघाड कोणी, कोठे आणि किती वेळात काढायचा? याचे उत्तर आयत्या वेळी शोधत बसणे परवडत नाही. ते आधीच ठरवून, लिहून ठेवावे लागते. स्थूलमानाने त्याच्या चार पायऱ्या सांगता येतील.

पहिली पायरी वापरणाऱ्याची. रायफल ज्याच्या हातात तो जवान, गाडी ज्याच्या ताब्यात तो चालक, रणगाडा ज्यांचा ते त्यातील सैनिक. पुसणे, तेल देणे, पातळी पाहणे, सैल झालेले नट आवळणे, पट्टे व टायर तपासणे आणि बिघाडाची पहिली चाहूल लागताच कळवणे, ही त्यांची कामे. एन.सी.सी.त असलेल्या मित्रांना याचा अनुभव आहेच. रायफलचा बोल्ट काढावा, पुलथ्रूने चिंदी ओढून नळी साफ करावी, तेलाचा हलका हात द्यावा आणि शस्त्र कोतमध्ये जमा करावे. त्यापुढे स्क्रू फिरवण्याची परवानगी कॅडेटला नसते. ते आर्मररचे काम.

दुसरी पायरी पलटणीची किंवा रेजिमेंटची. येथे पलटणीचे स्वतःचे कारागीर असतात आणि रणगाड्यांसारखी अवजड सामग्री असलेल्या रेजिमेंटला जोडून इलेक्ट्रॉनिक्स अँड मेकॅनिकल इंजिनिअर्स, म्हणजे ई.एम.ई. या दलाची एक छोटी तुकडी असते. तिला ‘लाइट एड डिटॅचमेंट’ म्हणतात. तिचा संसार एक-दोन गाड्यांवर मावेल एवढाच. हत्यारे, नेहमी लागणारे सुटे भाग, वेल्डिंगची सोय आणि अडकलेली गाडी ओढून काढण्याचे साधन. जे काम लवकर उरकते आणि ज्याला अचूक मोजमापाची यंत्रे लागत नाहीत, ते येथे होते.

तिसरी पायरी फिरत्या वर्कशॉपची. ही ब्रिगेड व डिव्हिजनच्या मागोमाग चालते. येथे इंजिन, गिअरबॉक्स, तोफेची यंत्रणा, वायरलेसचे संच असे पुरे जोडच्या जोड बदलले जातात. लेथ असतो, विजेचे जनित्र असते, निरनिराळ्या शाखांचे कारागीर असतात. तरीही हुकूम येताच सारे बिऱ्हाड गाड्यांवर चढवून हलता आले पाहिजे, ही अट कायम.

चौथी पायरी आर्मी बेस वर्कशॉपची. पुण्याजवळ खडकीची ५१२ क्रमांकाची बेस वर्कशॉप आपल्याला सर्वांत जवळची. बंगळूरला ५१५ आहे. दिल्ली छावणीतील ५०५ क्रमांकाची वर्कशॉप टी-७२ रणगाड्यांच्या नूतनीकरणासाठी ओळखली जाते. येथे यंत्र अखेरच्या खिळ्यापर्यंत उकलतात, प्रत्येक भाग मोजतात, झिजलेला बदलतात, पुन्हा जोडून चाचणी घेतात. याला ‘ओव्हरहॉल’ म्हणतात. जुने यंत्र येथून जवळजवळ नव्यासारखे होऊन बाहेर पडते. त्याही पलीकडे कारखाना, म्हणजे मूळ उत्पादक असतो.

सुटे भाग पुरवण्याची जबाबदारी मात्र दुरुस्ती करणाऱ्यांची नाही. ते आर्मी ऑर्डनन्स कोअर या वेगळ्या दलाचे काम; देहूरोडचा मोठा डेपो त्यांचाच. दुरुस्ती करणारा आणि भाग पुरवणारा यांची सांगड बसली नाही तर शिडीच्या सगळ्या पायऱ्या असूनही वर चढता येत नाही.

हे सारे आपल्याला परके वाटण्याचे कारण नाही. महाराष्ट्राच्या एस.टी.ची रचना पाहा. आगारात रोजची तपासणी व किरकोळ दुरुस्ती, विभागीय कार्यशाळेत त्यापुढचे काम आणि दापोडी, चिकलठाणा व हिंगणा येथील मध्यवर्ती कार्यशाळांत सर्वांत मोठे काम. फरक इतकाच की, एस.टी.चे आगार जागचे हलत नाही आणि त्यावर कोणी तोफा डागत नाही!

पायऱ्या हव्यातच कशाला?

कोणी विचारील, एवढी उतरंड कशासाठी? सगळ्या दुरुस्त्या आघाडीवरच का करू नयेत? किंवा उलट, आघाडीवर काहीच न करता सगळे खडकीला का पाठवू नये? दोन्ही टोके कशी फसतात, हे एका ढोबळ हिशेबाने दाखवता येईल. आकडे केवळ उदाहरणाचे आहेत.

समजा, एका फौजेपाशी १०० गाड्या आहेत आणि एक गिअरबॉक्स सरासरी ५०० दिवस टिकतो. म्हणजे साधारण दर ५ दिवसांनी एक गिअरबॉक्स बिघडणार. तो खोलून दुरुस्त करण्यासाठी मागच्या तळावर पाठवला, तर जाणे, रांगेत थांबणे, दुरुस्ती आणि परत येणे यांत ६० दिवस जातात असे धरू. गाडीच जर गिअरबॉक्ससह मागे पाठवली, तर कोणत्याही दिवशी ६० भागिले ५, म्हणजे १२ गाड्या गैरहजर असतील. शंभरांतील बारा गाड्या कायमच्या नाहीत!

आता दुसरे टोक. समजा, आघाडीवरील पाच वर्कशॉपमध्ये गिअरबॉक्स उघडण्याची सोय केली आणि वेळ १० दिवसांवर आणला. आता गैरहजर गाड्या फक्त २. पण किंमत काय पडली? यंत्रांचे पाच संच, पाच धूळरहित खोल्या, पाच निष्णात कारागीर, सुट्या भागांचे पाच साठे. आणि हे सगळे गाड्यांवर लादून हिंडवायचे. शिवाय प्रत्येक वर्कशॉपच्या वाट्याला २५ दिवसांतून एक गिअरबॉक्स येणार. महिन्याला एकच काम करणाऱ्याचा हात बसणार कसा? तळावरच्या कारागिराकडे तेच काम दर पाचव्या दिवशी येते; त्याला आवाजावरून दोष कळू लागतो.

मग सैन्याने काय केले? तिसरा मार्ग काढला. आघाडीवर गिअरबॉक्स उघडायचाच नाही. तो काढून त्या जागी चांगला बसवायचा. हे काम एका दिवसाचे. बिघडलेला गिअरबॉक्स तेवढा मागे जातो, गाडी तेथेच राहते. यासाठी १२ गिअरबॉक्स वाटेवर व तळावर असतील हे धरून तितके आणि थोडे अधिक जास्तीचे बाळगावे लागतात. परंतु १२ गिअरबॉक्स ही १२ गाड्यांपेक्षा कितीतरी स्वस्त गोष्ट आहे. याला ‘जोड बदलून दुरुस्ती’ म्हणता येईल. पायऱ्यांच्या पद्धतीचे मर्म यात आहे. बिघाड काढणे आणि गाडी चालू करणे ही दोन कामे वेगळी केली. गाडी पुढे चालू होते, बिघाड मागे निघतो.

यातून कामाच्या वाटणीचे तीन नियम निघतात. पहिला, जे काम पुढे होऊ शकते ते मागे पाठवू नये. कारण वाहतुकीत गेलेला दिवस हा लढाईला मुकलेला दिवस असतो. दुसरा, ज्या कामाला नाजूक यंत्रे, स्वच्छता आणि बसलेला हात लागतो ते पुढे करू नये. तिसरा नियम थोडा निष्ठुर आहे. जी वस्तू दुरुस्त करण्याचा खर्च तिच्या किमतीच्या मानाने फार आहे, ती कोणत्याच पायरीवर दुरुस्त करू नये; मोडीत काढावी. हा निर्णय कोणी घ्यायचा, तेही आधी ठरलेले असते. ते चालकाच्या मर्जीवर सोडलेले नसते.

शिडी उभी राहिली कशी?

शस्त्रांची निगा ही काही परदेशातून आलेली कल्पना नव्हे. अठराव्या शतकाच्या आरंभी रामचंद्रपंत अमात्यांनी लिहिलेल्या ‘आज्ञापत्रा’त दुर्गांच्या प्रकरणी दारूखान्याविषयी बारीक सूचना आहेत. दारूखाना वस्तीपासून दूर असावा, ठरावीक दिवसांनी दारू व बाण बाहेर काढून त्यांना ऊन द्यावे आणि पुन्हा बंदोबस्ताने ठेवावे, असा त्यांचा आशय आहे. आजच्या भाषेत ही पहिल्या पायरीची वेळापत्रकासह दिलेली आज्ञाच म्हणायची. काम ठरले आहे, मुदत ठरली आहे, माणूस ठरला आहे.

पण तोफ आणि घोडा यांच्या जागी इंजिन आले, तेव्हा प्रश्नाचे स्वरूप पालटले. दुसऱ्या महायुद्धात उत्तर आफ्रिकेच्या वाळवंटात इंग्रजांना याचा कडू अनुभव आला. १९४१-४२ मध्ये जर्मन तुकड्या लढाई थांबताच आपले जखमी रणगाडे रात्रीतून ओढून नेत, मागे दुरुस्त करत आणि पुन्हा मैदानात आणत. त्या मानाने इंग्रजांची दुरुस्तीची व्यवस्था निरनिराळ्या दलांत विखुरलेली होती. तोफखान्याचा कारागीर वेगळा, वाहतुकीचा वेगळा, इंजिनिअरांचा वेगळा. विद्युत्-कारागीर एका दलात रिकामा बसलेला आणि दुसऱ्या दलात त्याच्यावाचून गाड्या पडून, असा प्रकार होई. कुशल मनुष्यबळाचा सैन्यात नीट उपयोग होतो की नाही हे पाहण्यासाठी विल्यम बेव्हरिज यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांना हे नाव सामाजिक सुरक्षेच्या १९४२ च्या प्रसिद्ध अहवालामुळे ठाऊक असेल. तेच हे गृहस्थ. या समितीच्या शिफारशीवरून १ ऑक्टोबर १९४२ रोजी ब्रिटिश सैन्यात यांत्रिक दुरुस्तीचे स्वतंत्र दल स्थापन झाले.

हिंदुस्थानात पुढच्याच वर्षी, १९४३ मध्ये, ऑर्डनन्स खात्यातून माणसे वेगळी काढून असेच दल उभारले गेले. तेच आजचे ई.एम.ई. १५ ऑक्टोबर हा त्यांचा स्थापनादिन आणि ‘कर्म ही धर्म’ हे त्यांचे ब्रीद. नावातील ‘इलेक्ट्रिकल’ या शब्दाच्या जागी २००१ मध्ये ‘इलेक्ट्रॉनिक्स’ हा शब्द आला. एवढ्या एका बदलात सामग्री किती पालटली हे दिसून येते. पूर्वी हातोडी आणि पान्याने सुटणारा बिघाड आता पडद्यावरील आकड्यांतून शोधावा लागतो.

दोन दिवसांची लढाई आणि अनेक हिवाळ्यांचा मुक्काम

कोणत्या पायरीला किती महत्त्व, हे लढाई किती दिवसांची आहे यावरही ठरते. याचे उदाहरण आपल्या अंगणातलेच आहे. डिसेंबर १९६१ मध्ये गोवामुक्तीसाठी १७ वी इन्फन्ट्री डिव्हिजन बेळगावच्या परिसरात जमली. सांबऱ्याच्या धावपट्टीवरून हंटर विमाने उडाली. अनमोड घाटाखाली मोलेच्या बाजूने पायदळ फोंड्याकडे उतरले, तर सावंतवाडीच्या बाजूने छत्रीधारी ब्रिगेड शिरली. १८ डिसेंबरला कारवाई सुरू झाली आणि १९ तारखेला पोर्तुगीजांनी शरणागती पत्करली.

आता विचार करा. दोन दिवसांच्या अशा मोहिमेत बेस वर्कशॉपचा उपयोग किती? प्रत्यक्ष मोहिमेत जवळजवळ शून्य. घाटात एखादी गाडी बंद पडली, तर तिचे भवितव्य चालकाच्या आणि पलटणीच्या कारागिराच्या हाती. पोर्तुगीजांनी पूल उडवले होते, रस्ते अरुंद होते. एक गाडी आडवी झाली की मागचा सारा ताफा खोळंबणार. अशा वेळी ‘दुरुस्त करा’ यापेक्षा ‘बाजूला काढा’ हे वाक्य महत्त्वाचे ठरते. म्हणूनच ओढून काढणे, ज्याला सैन्यात ‘रिकव्हरी’ म्हणतात, हा दुरुस्तीचाच पहिला भाग मानतात. आणि त्या दोन दिवसांत गाड्या कशा धावतात, हे आधीच्या सहा महिन्यांत मागच्या पायऱ्यांवर काय काम झाले यावर ठरते. बेस वर्कशॉप लढाईत दिसत नाही, कारण तिचे काम लढाईपूर्वीच होऊन गेलेले असते.

याच्या उलट उदाहरण लडाखचे. २०२० पासून तेथे मोठ्या प्रमाणावर रणगाडे व चिलखती गाड्या तैनात झाल्या आणि त्यांनी हिवाळ्यामागून हिवाळे काढले. उंचीवर हवा विरळ, म्हणून इंजिनाची ताकद घटते. थंडीने तेल घट्ट होते, बॅटऱ्या मंदावतात, रबरी सील कडक होऊन गळू लागतात. इंजिने गोठू नयेत म्हणून ठरावीक वेळाने चालू करावी लागतात, आणि त्यामुळे न हलणारी गाडीही झिजत राहते! खिंडी ओलांडून सगळे मैदानातल्या तळावर पाठवायचे म्हटले तर आपल्या हिशेबातील ६० दिवसांचे किती होतील, याची कल्पना करावी. अशा ठिकाणी वरच्या पायरीचे काही काम खाली, म्हणजे पुढे, आणावेच लागते. शिडी तीच, पण पायऱ्यांमधील अंतर बदलते.

१९७३ च्या ऑक्टोबर युद्धात इस्रायली सैन्याने गोलान टेकड्यांवर हेच केले. मार लागलेले रणगाडे आघाडीच्या मागेच रातोरात दुरुस्त करून पुन्हा लढाईत उतरवले. संख्येने कमी असलेल्या सैन्यापाशी दुरुस्ती हीच कुमक असते.

पाण्यावर आणि हवेत

नौदल व वायुदल यांच्यात पायऱ्यांची नावे वेगळी, तत्त्व एकच. जहाजाचे कर्मचारी रोजची निगा राखतात, बंदरातील देखभाल पथक त्यापुढचे काम करते आणि गोदीत जहाज कोरडे करून मोठी दुरुस्ती होते. मुंबईची गोदी अठराव्या शतकापासून हे काम करते आहे. आणि आता आपल्यापासून घाट उतरताच कारवारला ‘आय.एन.एस. कदंब’ तळावर (स्थापना २००५) नौदलाचे जहाज-दुरुस्ती केंद्र आहे. जहाजाची एक अडचण न्यारीच. समुद्रात बिघडले तर मागून मदत पोहोचायला दिवस लागतात. म्हणून जहाजावरील कारागिरास आपल्या पायरीपेक्षा थोडे जास्त शिकवून ठेवतात.

विमानाचे याच्या अगदी उलट. विमान बिघडले तर रस्त्याच्या कडेला थांबवता येत नाही. म्हणून तेथे बिघडण्याची वाट पाहतच नाहीत. ठरावीक तास उड्डाण झाले की भाग काढून तपासतात. धावपट्टीवरील तपासणी स्क्वाड्रनची, त्यापुढील तपासणी तळाची आणि पूर्ण उकल बेस रिपेअर डेपोची. नाशिकजवळ ओझरला असा ११ क्रमांकाचा डेपो आहे. मिग-२९ विमानांचे काम तेथे होते. विमानाच्या प्रत्येक कामाखाली करणाऱ्याची आणि तपासणाऱ्याची, अशा दोघांच्या सह्या असतात. जबाबदारी वाटली म्हणजे ती पातळ झाली असे नव्हे. तिच्यावर नाव लिहिले गेले.

शिडी मोडते कोठे?

एवढी सुंदर रचना असूनही बिघाड होतात, ते रचनेचे नव्हे, माणसांचे. पहिला दोष माझाच, विहिरीवरचा. खालच्याने वरचे काम हाती घेणे. यात बहुधा उत्साह असतो, कधी मोठेपणा; नुकसान मात्र दुप्पट होते. दुसरा दोष त्याहून सर्रास आढळतो. आपल्या पायरीचे काम न करता वर ढकलणे. ‘वर्कशॉप आहे ना, तेथे पाहतील’ असे म्हणत चालकाने वंगण दिले नाही, तर वर्कशॉपकडे वंगणाचा प्रश्न येत नाही. जळालेला बेअरिंग येतो. पाच मिनिटांचे काम पाच दिवसांचे होऊन वर चढते आणि ज्या कारागिराने खरोखर अवघड काम करायचे तो या टाळता येण्याजोग्या कामात बुडून जातो.

तिसरा दोष एका गाडीचा भाग काढून दुसरीला लावण्याचा. लढाईत हे कधी करावेच लागते आणि अधिकाऱ्याच्या लेखी परवानगीने केले तर त्यात गैर काही नाही. पण शांततेत सवय लागली की एक गाडी हळूहळू सांगाडा होते. कागदावर मात्र ती गाडीच असते!

चौथा आणि सर्वांत घातक दोष खोट्या अहवालाचा. शंभर गाड्यांपैकी बारा बंद असताना तीनच बंद असे कळवले, तर वरच्याला सुटे भाग किती मागवावे हे कळत नाही आणि सेनापती नसलेल्या गाड्यांवर विसंबून बेत आखतो. बंद गाडी ही लाजेची गोष्ट नाही. लपवलेली बंद गाडी मात्र आहे. चालकाने ‘आवाज येतो आहे’ असे वेळीच सांगितले आणि त्याबद्दल त्याला बोलणी खावी लागली, तर पुढच्या वेळी तो सांगणार नाही. शिडीवरून सुटे भाग खाली येतात. वर जायची असते ती खरी बातमी. ती थांबली की भाग चुकीचे येतात.

आजचा प्रश्न

गेल्या काही वर्षांत या शिडीचीच फेररचना चर्चेत आली आहे. लेफ्टनंट जनरल (निवृत्त) डी. बी. शेकटकर यांच्या समितीने २०१६ च्या अखेरीस आपला अहवाल दिला. त्यातील ६५ शिफारशी सरकारने ऑगस्ट २०१७ मध्ये अमलात आणण्याचे ठरवले. बेस वर्कशॉप, पुढच्या भागातील बेस वर्कशॉप आणि स्थिर वर्कशॉप यांची पुनर्रचना ही त्यांपैकी एक. पुढे वर्कशॉपची मालकी सरकारची ठेवून चालवण्याचे काम खाजगी संस्थेकडे द्यावे, असाही विचार पुढे आला.

या प्रश्नाला दोन्ही बाजू आहेत. ट्रकसारखी वाहने आज बाजारातल्या वाहनांसारखीच असतात. त्यांचे काम नागरी कारखाने करू शकतील आणि सैनिक लढाऊ कामाला मोकळे होतील. दुसरी बाजू अशी की, बेस वर्कशॉप ही केवळ दुरुस्तीची जागा नाही. आघाडीवरच्या कारागिराचा हात तेथे बसतो. ज्याने शांततेत शंभर इंजिने उकलली तोच बर्फात अंदाजाने दोष ओळखतो. ही शाळा बाहेर गेली तर पुढच्या पायरीवरचा माणूस कोठे शिकणार? शिवाय कराराच्या कागदात न लिहिलेले काम युद्धात आयत्या वेळी उद्भवते, तेव्हा काय करायचे? माझ्या मते चौथ्या पायरीचा काही भाग बाहेर देता येईल, पण किती द्यावा हे केवळ खर्चावरून ठरवू नये. ते कौशल्य पुन्हा उभे करायला किती वर्षे लागतील, हे मोजून ठरवावे. आणि पहिली पायरी कोणालाच ठेक्याने देता येणार नाही, याविषयी दुमत नसावे. चाकाच्या तुंब्याला हात लावून पाहणारा माणूस तेथे हजरच असावा लागतो.

अखेर

सुभेदार आबा आता नाहीत. विहिरीवर विजेचा पंप बसला. जुने इंजिन पत्र्याच्या खोपीत पडून आहे. पण आबांनी त्या उन्हाळ्यात मला एक वही करायला लावली होती. डावीकडे ‘माझे काम’, उजवीकडे ‘माझे नव्हे’ आणि मध्ये तारीख. डाव्या रकान्यात तेल, फिल्टर, हवा काढणे, पट्ट्याचा ताण. उजव्यात नोझल, पंप, क्रँक. आमच्या कॉलेजच्या प्रयोगशाळेतील उपकरणांना, वसतिगृहाच्या पाण्याच्या मोटारीला, फार काय, आपल्यापैकी पुष्कळांच्या मोटारसायकलींनाही अशी वही नाही. एखाद्या सूक्ष्मदर्शकाची काच धूसर झाली की ती कोणी पुसायची आणि कोणी पुसायची नाही हे ठाऊक नसल्यामुळे एक तर तो कपाटात पडून राहतो, नाही तर चुकीच्या फडक्याने ओरखडतो.

उद्या कॅम्पातून येताना ताफा थांबलेला दिसला, तर क्षणभर उभे राहून त्या चालकाकडे पाहावे. तो गाडी दुरुस्त करत नाही. खडकीपर्यंत जाणारे एक काम तो तेथेच, रस्त्याच्या कडेला, थांबवतो आहे.